लाल रेघेवरचे पाय

१

दत्ताराम परबांना गाडी पुढे कुठंही नेता यायची. मिल बंद पडल्यावर त्यांनी आरे कॉलनीत दुधाचा टेम्पो चालवला होता. म्हशींच्या कळपातून आणि जंगलातल्या वळणांवरून त्यांनी कधी कुणाला खरचटूही दिलं नाही. अडचण होती ती मागे घ्यायची. मान धरली होती. डावीकडे थोडी वळायची, उजवीकडे तेवढीही नाही. मागे बघायचं तर अख्खं अंग फिरवावं लागायचं, आणि तोवर पाय ब्रेकवरून सुटायचा.

पण याचं त्यांना कधी दुःख नव्हतं, कारण मागे रुक्मिणी असायची.

मरोळला त्यांची बिल्डिंग. मागच्या अंगाला कंपाउंडची भिंत, भिंतीपलीकडे आरेची झाडी. गाडी बाहेर काढायची तर आधी भिंतीपर्यंत मागे घ्यायची, मग गेटाकडे वळवायची. रुक्मिणी पदर खोचून गाडीमागे उभी राहायची आणि मालवणीत ओरडायची, "येवंदे, येवंदे... अजून येवंदे... बस्स!" आणि डिकीवर हाताची थाप. धप, धप. खिडक्यांतली पोरं हसायची. ती गाडीत बसता बसता म्हणायची, "तुमका गाडी चालवक येता, पण मागे घेवक बायको लागता."

मग रुक्मिणीच्या किडन्या गेल्या. एकाआड एक दिवस डायलिसिस आलं. आता ती मागच्या सीटवर उशीला टेकून पडून असायची. उन्हात उभं राहायची ताकद तिच्यात उरली नव्हती. दत्ताराम अंदाजानं गाडी मागे घ्यायचे, आणि एके दिवशी बंपर भिंतीला घासला.

मुलगी मानसी संध्याकाळी ऑफिसातून आली, बंपर बघितला आणि हात पुढे केला. "बाबा, चावी द्या. पुरे झालं. मोबाईलवरून टॅक्सी बोलवत जाऊ."

"टॅक्सीत तिला ओकारी येते. ड्रायव्हर तोंड वाकडं करतात."

"आणि उद्या मागे कुणी पोर असलं तर?"

दत्तारामांनी चावी मुठीत घट्ट धरली. आतल्या खोलीतून रुक्मिणीच बोलली, "मानसी, मी ह्येंच्याच गाडीतसून जातलंय. नायतर जातलंयच नाय."

तेव्हा मानसीनं तोड काढली. मागे कॅमेरा बसवायचा. "पण बाबा, परत एकदा जरी ठोकलीत, किंवा मला वाटलं की तुम्हाला नीट दिसत नाहीये, तर चावी माझ्याकडे. कबूल?"

"कबूल," दत्ताराम म्हणाले.

२

नाक्यावरच्या आकाशनं कॅमेरा बसवला. हात साफ होता त्याचा. डिकीचं आतलं कव्हर काढलं, नंबरप्लेटच्या दिव्याशेजारी भोक पाडून सुपारीएवढा कॅमेरा बसवला, दरवाज्याच्या पट्टीखालून वायर पुढे आणली आणि डॅशबोर्डवर पाटीएवढा स्क्रीन चिकटवला. रिव्हर्सच्या दिव्याची वायर जोडल्यामुळे गिअर मागे पडला की स्क्रीन आपोआप उजळायचा. बंपरमध्ये सेन्सरही घातले. काही जवळ आलं की टीं टीं करणारे.

"काका, तीन रेघा दिसतायत ना? हिरवीपर्यंत बिनधास्त. पिवळीला सावकाश. लाल रेघेवर काही आलं की थांबायचं, तो तुमचा बंपरच समजा. कॅमेरा मी खाली वाकवून ठेवलाय. तुम्हाला जमीन दिसायला हवी, आभाळ बघून काय करणार?"

दत्तारामांनी दुकानाच्या दारात दोनदा मागे घेऊन बघितली. एक कुत्रं आडवं गेलं तर सेन्सर ओरडला. झकास काम झालं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी रुक्मिणीला मागे निजवलं, उशी सारखी केली. कंपाउंडमध्ये चिटपाखरू नव्हतं. वॉचमन जेवायला गेला होता. दत्तारामांनी गिअर टाकला. स्क्रीन उजळला.

फरशी. बदामाची गळलेली पानं. भिंतीचा तळ. आणि हिरव्या रेघेपाशी दोन पाय.

अनवाणी होते. रुंद, भेगाळलेले, घोट्यापर्यंत मातीनं माखलेले. गुडघ्याखाली घोंगडीची कड लोंबत होती. त्याच्या वरचं स्क्रीनमध्ये येत नव्हतं.

दत्तारामांनी हॉर्न दिला. पाय हलले नाहीत. सेन्सरही गप्प होता.

"कोण हा मागे?" रुक्मिणीनं डोळे मिटूनच विचारलं.

"कोण नाय. बघतंय."

ते उतरले, हातानं गाडीचा आधार घेत मागे गेले. मागे कुणी नव्हतं. वाऱ्यानं एक पान उलटं झालं, तेवढंच. ते परत येऊन बसले. स्क्रीनमध्ये पाय तिथंच होते, आणि ते पान त्या पायांच्या मधोमध पडलेलं होतं.

आकाशच्या दुकानातलं कुणाचं तरी जुनं चित्र यात अडकलं असेल, असं त्यांनी मनाशी म्हटलं. पण पान तर आत्ताच उलटलं होतं.

त्यांनी ब्रेक जरासा सोडला. गाडी मुंगीच्या पावलानं मागे सरकली, आणि ते पाय शांतपणे बाजूला झाले. रस्त्यात उभा असलेला समजूतदार माणूस गाडीला वाट देतो, तसे.

३

"काका, याच्यात काही साठत नाही," आकाश म्हणाला. त्यानं स्क्रीन काढला, वायरी तपासल्या, परत बसवल्या. दुकानाच्या दारात गिअर टाकला, तर स्क्रीनमध्ये रस्ता आणि गटाराचं झाकण. "कॅमेऱ्यासमोर जे असतं ते तो दाखवतो. खोटं बोलायला त्याला डोकं कुठाय? पण तुम्हाला दिसलं काय नेमकं?"

"पाय."

"कुणाचे?"

"ते कळलं असतं तर तुझ्याकडे कशाला आलो असतो?"

आकाश हसला, मग त्यांचा चेहरा बघून थांबला. "असं करू का? कॅमेरा थोडा वर वाकवतो. तोंड दिसेल. कोण त्रास देतंय ते कळून जाईल एकदाचं."

त्यानं स्क्रूला हात घातला तसं दत्तारामांनी त्याचं मनगट धरलं. का धरलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. "नको," ते म्हणाले. "राहू दे खालीच."

घरी त्यांनी ब्र काढला नाही. मानसीनं विचारलं, "कॅमेरा कसा आहे बाबा? नीट दिसतं ना?" तर "एकदम स्पष्ट" म्हणाले. ते काही खोटं नव्हतं.

दुसऱ्या कुठल्या वेळी गाडी काढली, वाणसामान आणायला किंवा हवा भरायला, तर स्क्रीन मोकळा असायचा. रुक्मिणी मागच्या सीटवर असली की मात्र ते पाय हजर. आणि हळूहळू ते जवळ येत होते. हिरवी रेघ सोडून दोन रेघांच्या मध्ये. मग पिवळीवर.

त्या दिवसांत रुक्मिणी खालावत होती. जेवण उतरत नव्हतं. डायलिसिसहून आली की भिंतीकडे तोंड करून पडायची. रात्री दत्ताराम तिचा श्वास ऐकत बसायचे आणि मनात हिशेब जुळायचा, नको असताना जुळायचा. हा कुणासाठी येतो ते उघड होतं. न्यायला आलेला माणूस दार बडवत नाही. उंबऱ्याबाहेर उभा राहतो आणि तयारी व्हायची वाट बघतो.

पिवळीनंतर लाल. लालच्या पुढं गाडीच होती, आणि गाडीत रुक्मिणी.

४

खालच्या मजल्यावरचे अंबादास त्यांचे जुने सोबती. दोघं संध्याकाळी कट्ट्यावर बसायचे.

"गाडीमागं काहीतरी लागलंय रे," दत्ताराम एवढंच म्हणाले.

अंबादासांनी पुढचं विचारलं नाही. "नजर. दुसरं काय! एवढा टीव्ही लावून ठेवलायस पुढं, लोक बघतात. एक काम कर. फाटकी चप्पल बांध मागं. माझ्या भाच्याच्या ट्रकला बघ, अशी लोंबते. आजपर्यंत पंक्चरसुद्धा नाही त्याचं."

"चपलेनं जातं?"

"चपलेला सगळे भितात. तू नाही भीत वहिनींच्या?"

दत्तारामांनी आपली जुनी काळी चप्पल शोधली. अंगठा तुटलेली, टाच झिजलेली. सुतळीनं ती बंपरखाली लटकवली. मनात निश्चय होता. जा बाबा. जिकडून आलास तिकडं जा. ही एवढी एकच बाई आहे माझ्याकडे.

पुढच्या डायलिसिसच्या दुपारी गाडीभोवती एक चक्कर घालून त्यांनी मागे बघितलं. सुतळी नुसतीच लोंबत होती. उंदरानं कुरतडली असेल, ते म्हणाले. कुत्र्यानं ओढली असेल. रुक्मिणीला बसवून ते पुढे आले, गिअर टाकला.

पाय लाल रेघेवर होते. इतके जवळ, की नखांतली माती दिसत होती.

आणि एका पायात ती चप्पल होती.

दत्ताराम बघत राहिले. ज्याला हाकलायला बांधली, त्यानं ती सोडवून घेऊन पायात घातली होती. तुटक्या अंगठ्याची चप्पल निसटू नये म्हणून त्यानं बोटं आवळून धरली होती. दुसरा पाय अनवाणीच होता. दुपारच्या तापल्या फरशीवर तो पाय जरासा उचलून परत टेकवला गेला.

भीती तर वाटलीच. पण भीतीच्या खाली आणखी काहीतरी होतं, आणि त्याला काय म्हणावं ते त्यांना कळेना. लहानपणी पाहुण्याला फुटक्या कपातून चहा दिला होता तेव्हा आई रागावली होती. तेव्हा जसं वाटलं होतं, तसं काहीतरी.

५

मग तो दिवस आला. सकाळपासून रुक्मिणीच्या तोंडात पाण्याचा घोट ठरत नव्हता. मानसी ऑफिसला निघून गेली होती. दत्तारामांनी रुक्मिणीला जवळजवळ उचलूनच गाडीत आणलं. ती आता इतकी हलकी झाली होती, की उचलताना त्यांना रडू फुटलं.

गिअर टाकला. स्क्रीन उजळला.

फरशी, पानं, भिंत. तिन्ही रेघा मोकळ्या.

पाय नव्हते.

इतके दिवस त्यांना ते पाय नको होते. आज ते दिसेनात तसा त्यांचा जीव उडाला. भिंतीपाशी नाही. हिरवीवर नाही. लाल रेघेवर नाही. मग कुठं आहे?

तेवढ्यात गाडी मागच्या बाजूनं जराशी दबली. कुणी आत येऊन बसलं की दबते, तेवढीच. दाराचा आवाज मात्र झाला नव्हता.

मागच्या सीटवर कापड सळसळलं. रुक्मिणी सरकली. कण्हत, डोळे न उघडता, पदर आवरून ती खिडकीच्या बाजूला सरकून बसली. एसटीत आपण येणाऱ्या माणसाला जागा करून देतो, तशी.

"गो," दत्ताराम म्हणाले. "गो, कित्याक सरकलंस?"

गाडीत ओल्या घोंगडीचा वास आला, आणि विडीचा.

मान वळत नव्हती. पण आरसा होता. डोळे नुसते वर केले असते तर मागची सीट सगळी दिसली असती. दत्तारामांनी हात वर नेला आणि डोळे समोर ठेवून आरसा छताकडे फिरवला.

आरेतून गाडी निघाली. झाडांची सावली काचेवरून सरकत होती. त्यांनी एकदाच तोंड उघडलं. मागे कोण आहे ते माहीत नसताना, मालकाशी बोलावं तसं बोलले.

"हळू नेतंय हां. तुम्ही पण हळू घेवा."

६

सेंटरवर तिला आत नेलं. दत्ताराम बाहेरच्या बाकड्यावर बसले. थोड्या वेळानं आतल्या सिस्टर घाईनं आल्या, परत गेल्या. मग डॉक्टर धावत गेले. दाराच्या फटीतून मशीनची शिट्टी ऐकू येत होती, थांबतच नव्हती.

"आजोबा, आजींचं बीपी एकदम पडलंय. आम्ही बघतोय. तुम्ही बसून राहा."

त्यांनी मानसीला फोन लावला. ती "निघाले बाबा, निघाले" म्हणाली. मग ते बसून राहिले. बाकड्याची दुसरी बाजू मोकळी होती. गाडीतला वास इथं नव्हता. म्हणजे तो आत गेला होता, तिच्याबरोबर.

मशीनची शिट्टी बंद झाली.

कुणी काही सांगायला आलं नाही. दत्तारामांनी दोन्ही हात गुडघ्यांत घट्ट धरले. तेवढ्यात आतून एक आवाज आला. भरल्या पोत्यावर हात मारावा तसा. धप, धप.

मग सिस्टर आल्या, कपाळ पुसत. "आल्या शुद्धीवर. या, भेटा. घाबरवलं हो आजींनी."

रुक्मिणी पांढरी पडली होती, पण डोळे उघडे होते. दत्तारामांनी तिचा हात धरला. ती बराच वेळ छताकडे बघत होती. मग हसली.

"अवो, मी चललेलंय," ती म्हणाली. "बरो रस्तो होतो. दोनय बाजूक झाडा. चालूक लागलंय, पाय पण दुखत नव्हते. आणि मागसून कोण हाक मारी होतो."

"कोण?"

"माका मागे वळान बघूक होयना, तुमच्यासारख्या झाला. नुसतो आवाज. 'येवंदे, येवंदे... अजून येवंदे...' म्हटलंय, ह्यो तर माझो डायलॉग!" ती हसायला गेली, खोकली. "मगे मी तशीच उलटी मागे मागे येत रवलंय. मान खाली होती, म्हणान त्येचे पाय तेवढे दिसले. एका पायात चप्पल, एक पाय मोकळो. बोटा आवळून उभो होतो, गरीब. मगे 'बस्स' म्हणालो आणि माझ्या पाठीर थाप मारल्यान."

दत्तारामांनी तिचा हात आणखी घट्ट धरला.

"काय वो," रुक्मिणी म्हणाली. आता तिचा आवाज खाली आला. "गावाक वहाणो ठेवूक किती वर्सा गेलव नाय आपण?"

त्यांच्या गावच्या वेशीवर राखणदाराचा एक दगड होता. वर्षाला एकदा तिथं नव्या वहाणांचा जोड ठेवायचा, आणि मागच्या वर्षीचा बघायचा. तळ झिजलेला असायचा. म्हातारी माणसं म्हणायची, राखण करणारा चालतो, वहाणा झिजणारच. रुक्मिणी आजारी पडल्यापासून ते तिकडं गेले नव्हते. दुसऱ्या कुणाला जोड ठेवायलाही सांगितलं नव्हतं.

कोकणातून मरोळपर्यंत कुणी चालत आलं, तर जुना जोड कसा टिकणार?

"उद्याच करून घेतंय," दत्ताराम म्हणाले. आणि अंगठा तुटलेली चप्पल आठवून त्यांनी शरमेनं मान खाली घातली. तेवढी मात्र ती वळली.

७

चपला शिवणारा श्यामसुंदर मरोळच्या बाजारात बसायचा. "माप द्या," तो म्हणाला.

दत्तारामांनी स्वतःच्या पावलाच्या पुढं चार बोटं धरली. "एवढं. आणि रुंद."

"बापरे! पैलवान आहे का कोण?"

"चालणारा आहे."

वहाणा झाल्या. दत्तारामांनी भिंतीच्या कडेला बदामाच्या पानावर त्या ठेवल्या, शेजारी विड्यांचं बंडल ठेवलं आणि हात जोडले. काय बोलावं ते सुचलं नाही. "चुकलं," एवढंच म्हणाले. दुपारी बघितलं तर दोन्ही नव्हतं. कंपाउंडमधलं कुणीही उचललं असेल. त्यांनी चौकशी केली नाही.

पुढच्या वेळी मानसी रजा काढून बरोबर आली. पुढच्या सीटवर बापाच्या शेजारी बसली आणि स्क्रीनकडे बारीक नजरेनं बघत राहिली. चावीचं अजून तिच्या मनात होतंच. दत्तारामांनी गिअर टाकला.

ते पाय हिरव्या रेघेवर उभे होते. पायात नव्या वहाणा, करकरीत. गाडी मागे सरकली तसे ते एकेक पाऊल मागे जाऊ लागले. बोटं गाडीकडे ठेवून, सावकाश, रुक्मिणी पूर्वी जायची तसेच. भिंत आली. वहाणेतला एक पाय जमिनीवर आपटला. दत्तारामांनी ब्रेक दाबला. भिंतीत आणि बंपरमध्ये बरोबर हातभर जागा राहिली.

डिकीवर थाप पडली. धप, धप.

"वा बाबा!" मानसी म्हणाली. "एकदम परफेक्ट. नुसती फरशी आणि भिंत बघून एवढं बरोबर! अहो, पण हा आवाज कसला?"

"डिकीचं झाकण सैल आहे," दत्ताराम म्हणाले.

मागच्या सीटवर रुक्मिणी गालात हसली आणि खिडकीबाहेर बघू लागली. थोडी सरकून बसली होती. सवयीनं.

चावीचा विषय मानसीनं परत काढला नाही.

रुक्मिणी पूर्ण बरी झाली असं नाही. किडन्या परत येत नाहीत. पण पेज उतरू लागली, मग माशाचं कालवण उतरू लागलं, मग ती कालवणाला नावं ठेवू लागली, तेव्हा दत्तारामांना धीर आला. आकाशनं एकदा गाडी बघताना विचारलं, "काका, कॅमेरा वर वाकवू का अजून?" ते म्हणाले, "नको रे. जमीन दिसते ना, पुष्कळ आहे."

दिवाळीच्या आधी एके सकाळी भिंतीच्या कडेला, त्याच जागी, तो जोड परत ठेवलेला सापडला. तळ कागदासारखा पातळ झाला होता. टाचेपाशी आरपार उजेड दिसत होता. दत्तारामांनी तो पदरात घ्यावा तसा उपरण्यात गुंडाळला आणि श्यामसुंदरकडे नेला.

त्यानं वहाण उलटीपालटी करून बघितली. "आजोबा, एवढ्यात? अहो, चांगलं कातडं घातलं होतं. कुठं कुठं फिरतो हा तुमचा माणूस?"

"घराभोवतीच," दत्ताराम म्हणाले. ते स्टुलावर टेकले. त्यांना घाई नव्हती. "दुसरा जोड कर. आणि ह्या वेळी तळ जाड लाव. त्याला अजून पुष्कळ चालायचंय."